हिशेबात धरलेली शेवयाची मशीन

मित्रांनो, मी एक जुनी शेवयाची मशीन आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलेलंही नसेल, कारण तुमच्या घरी शेवया पाकिटातून येतात. त्याचा मला राग नाही. पण त्या शेवयांना चव नसते, एवढं मी बोलणारच.

माझा जन्म लातूरच्या एका छोट्या कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, पितळेची जाळी आणि फिरवायला एक दांडा. लोहा गावच्या रुक्मिणबाईंनी मला बाजारातून हौसेनं आणलं. मला खाटेच्या कडेला घट्ट आवळायचं, वरून भिजवलेल्या पिठाचे गोळे घालायचे. मग एकीने दांडा फिरवायचा आणि दुसरीने खाली येणारे धागे काठीवर झेलायचे. माझं काम एकट्या बाईला जमत नाही. त्यामुळे अबोला धरलेल्या जावाही उन्हाळ्यात माझ्याशेजारी येऊन बसत आणि गोळा संपेपर्यंत बोलू लागत. मला या गोष्टीचा फार अभिमान होता.

रुक्मिणबाईंची लेक सिंधू चाकूरला दिली, तेव्हा त्यांनी मला तिच्या भांड्यांबरोबर पाठवलं. "माज्या हातात आता जोर न्हाई माय. हिला तूच ने," असं त्या म्हणाल्या. सिंधूचा धाकटा भाऊ बबलू यानेच मला उचलून टेम्पोत ठेवलं.

चाकूरला माझं कौतुक झालं. दर उन्हाळ्यात सिंधू पहिल्या शेवयांचा डबा भावासाठी लोह्याला पाठवायची. तिचे यजमान दयानंद लातूरच्या एका दाळमिलमध्ये कामाला होते. घरावर पत्रे होते आणि एप्रिल-मे महिन्यात ते असे तापायचे की पोरांना झोप लागायची नाही. म्हणून नवरा-बायको स्लॅबसाठी पैसे साठवत होते. सिंधूने त्या पैशापायी स्वतःची किती हौस मारली, ते मी पाहिलं आहे.

बबलू मनाने वाईट नव्हता, पण त्याचं कशातच बस्तान बसत नव्हतं. मोबाईलचं दुकान काढलं आणि बंद केलं. जुनी जीप घेतली आणि विकली. मग त्याच्या डोक्यात पाण्याच्या जारचा धंदा शिरला. त्याने बहिणीकडे स्लॅबचे पैसे उसने मागितले.

"अक्का, दिवाळीच्या आत देतो. तुझ्या स्लॅबला पाणी मीच मारीन बघ."

दयानंद म्हणाले, "देऊ. पण बाँडवर लिहून घेऊ."

"भावाकडून लिहून घ्यावं का? लोक काय म्हणतील?" सिंधू म्हणाली. दयानंदांनी बाँडचा विषय सोडला आणि पैसे लोह्याला गेले.

दिवाळी आली नि गेली. तशा आणखी काही दिवाळ्या गेल्या. रुक्मिणबाईही गेल्या, त्यामुळे बबलूला दटावणारं कुणी उरलं नाही. तो दाजींचा फोन उचलेना. राखीला मात्र न चुकता यायचा. साडी आणायचा, ताटात ओवाळणी टाकायचा, पोटभर जेवून जायचा.

"साडी आणायला पैसे हायत, आपले द्यायला न्हाईत?" दयानंद विचारायचे.

"सणाचं सणाला राहू द्या. देईल की तो," सिंधू म्हणायची.

पुढे पुढे घरातलं प्रत्येक बोलणं 'तुझ्या भावानं' इथूनच सुरू होऊ लागलं. वरण खारट झालं तरी भाऊ निघायचा. शेवयाची खीर केली तर दयानंद ताट सरकवून उठायचे.

शेवटी सिंधू-बबलूच्या दगडोबा मामांनी सगळ्यांना चाकूरला बसवलं. सिंधूच्या शेवया चालल्या होत्या, म्हणून मी तिथेच खाटेला होते. मला वाटलं, आज मिटेल.

"पैसे घेतले, न्हाई म्हणत न्हाई," बबलू बोलला. "पण मी दिलेलं बी धरा की. राखीच्या साड्या धरा. ओवाळणी धरा. पोरीच्या बारशाचा आहेर धरा."

सिंधूचा दांडा थांबला. "बबलू, ओवाळणी हाय ती."

"मग? ते पैसे न्हवते का?" त्याने माझ्याकडे बोट केलं. "आन् ही मशीन. मायची हाय, म्हंजी माज्या वाट्याची. हिचे बी धरा."

दयानंद आता त्याला झापतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "जुन्या मशीनला कोण काय देतंय?" मामांनीही मला हात लावून पाहिलं आणि एक भाव सांगितला. मग तिघेही घासाघीस करू लागले. ज्या घरात मी इतकी वर्षं राबले, तिथे माझा असा सौदा चालला होता. मला रडता येत नाही, याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

सिंधू उठली. आतून साड्या आणून तिने खाटेवर ठेवल्या. त्यातल्या काही तिने अंगालाही लावल्या नव्हत्या. पिठाच्या हातांनीच तिने मला सोडवलं.

"घेऊन जा. ओवाळणी तेलामिठात गेली, तेवढी बाकी राहिली माज्याकडं. राखीला येऊ नको."

"अक्का, मी हिशेबाचं बोललो फक्त."

"हाव. कळलं मला."

तेव्हापासून मी लोह्याला बबलूच्या बंद पडलेल्या जारच्या शेडमध्ये पडून आहे. जाळीत त्या दिवसाचं पीठ वाळून दगड झालं आहे. चाकूरच्या घरावर अजून पत्रेच आहेत, आणि त्याखाली नवरा-बायको कामापुरतंच बोलतात, असं मामा इथे येऊन सांगून गेले.

यंदा राखीला बबलू नवा शर्ट घालून स्टँडवर गेला आणि दुपारी परत आला. त्याच्या लेकीने विचारलं, "पप्पा, आत्याकडं न्हाई गेले?"

"बस मिळाली न्हाई," तो म्हणाला. चाकूरला बस नेहमी मिळते.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी आता म्हणत नाही. माझं ऐकून कुणाचं घर सावरेल, असंही मला वाटत नाही. तरी सांगते. उसनं घेतलं असेल तर ते उसनं म्हणूनच परत करा. आणि बहिणीच्या ताटात जे टाकाल, ते टाकून विसरून जा. बबलू विसरला नाही. राखीच्या दिवशी तो नवा शर्ट घालून इथेच शेडमध्ये, माझ्याशेजारी बसून होता, आणि त्याचं मनगट मोकळं होतं.