दोन कुलपांआडची मिरची

मित्रांनो, नाकाला रुमाल लावूनच जवळ या. मी मिरची कांडायचं एक जुनं यंत्र आहे. दोन लोखंडी मुसळं, खाली खोल उखळ आणि बाजूला मोटर, एवढाच माझा संसार. बटण दाबलं की मुसळं आळीपाळीनं उखळात आदळतात आणि लाल मिरचीची चटणी होते.

माझा जन्म कोल्हापुरातल्या उद्यमनगरात झाला. बरीच वर्षं मी शहरातल्या एका चटणीच्या दुकानात राबलो. मग तिथं नवं यंत्र आलं आणि मला भिंतीकडं तोंड करून कोपऱ्यात ढकललं. तिथून मला उचगावला नेलं ते झुंबरबाईनं.

उचगावच्या कडेला एक वस्ती आहे. तिथल्या बायका सकाळी रस्त्यावर कामाची वाट बघत उभ्या राहायच्या. काम मिळालं तर चूल पेटायची, नाहीतर पोरांच्या पुढ्यात कोरा चहा आणि पाव. झुंबरबाई त्यांच्यातलीच, उंच, काटक आणि तोंडाची फटकळ. तिच्या मनात आलं, चटणी तर आपण सगळ्याच झक्कास करतो, मग ती विकू का नये? पण एकटीच्या हातून हे होणारं नव्हतं. ती दारोदार फिरली. तालमीच्या विजयसिंहांनी तालमीची रिकामी खोली दिली. दूध संस्थेचे चेअरमन हंबीरराव यांनी खोलीला वीज दिली, आणि दुधाच्या टेम्पोतून चटणीचे पुडे गावोगावी न्यायचं कबूल केलं. मिरचीच्या व्यापारी शांतादेवी माहेरच्या संकेश्वरच्या. त्यांनी पोत्यानं मिरची दिली.

"झुंबरक्का," त्या म्हणाल्या, "चटणी चांगली झाली तर माझ्या दुकानात सगळ्यात पुढं ठेवीन. वाईट झाली तर तोंडावर सांगीन."

"सांगा की! मी काय रडत बसनार हाय व्हय?" झुंबरबाई हसली.

दोन वर्षं मी मन लावून कांडलं. बारा बायका माझ्याभोवती राबायच्या, शिंकायच्या, भांडायच्या. एकीनं घरावरचं फाटकं प्लॅस्टिक काढून पत्रा घातला. एकीची मुलगी नर्सिंगला गेली. वस्तीतलं सकाळी रस्त्यावर उभं राहणं बंद झालं. येणारे-जाणारे मला हात लावून म्हणायचे, "ह्या मशीननं वस्ती उभी केली." मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आणि नेमकं तिथंच बिघडलं. पेपरात फोटो आला, आणि आमच्या कामाला एकदम मोठं नाव मिळालं: गरिबीमुक्ती आघाडी. दोन वर्षं चालू असलेल्या कामाचं उद्घाटन ठरलं. हंबीररावांनी नारळ माझ्याच उखळाच्या काठावर फोडला. पाणी आत गेलं, मागोमाग मूठभर गुलाल. उखळात सकाळची अर्धी कांडलेली चटणी होती, तिकडं कुणी बघितलंही नाही. ती सगळी चटणी बायकांनी उकिरड्यावर टाकली आणि मला घासत बसल्या. बाहेर पुढारी पेढे खात होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा माणसांची शिसारी आली.

मग भांडण पेटलं ते पुड्यावर कुणाचा फोटो छापायचा यावरून.

"खोली तालमीची हाय," विजयसिंह म्हणाले.

"आन् लाईट कुनाची हाय?" हंबीरराव गरजले. "अंधारात कांडनार व्हय रं?"

संध्याकाळपर्यंत दाराला एक कुलूप तालमीचं लागलं आणि दुसरं संस्थेचं. आत नव्या मिरचीची नऊ पोती होती. झुंबरबाई विजयसिंहांकडं गेली, ते म्हणाले, "तिकडं इचार." हंबीररावांकडं गेली, तेही तेच म्हणाले. शांतादेवींनी दोघांना निरोप पाठवले, स्वतः जाऊन बसल्या. दोघांनीही चहा पाजला, पण किल्ली दिली नाही.

मित्रांनो, पावसाळाभर मी त्या खोलीत काय भोगलं ते ऐका. छत गळायचं. पोती भिजली, काळी पडली, मग त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी केसासारखी वाढली. पोत्यांतून तपकिरी पाणी झिरपून माझ्या पायाशी साचलं. उंदरांनी माझ्या उखळात पिल्लं घातली. त्यातली दोन मेली आणि तिथंच कुजली. ज्या उखळातून माणसांच्या ताटात चव जायची, त्यात अळ्या वळवळत होत्या. मला ओकता येत असतं तर मी ओकलो असतो. आणि खिडकीबाहेरून बायकांचे आवाज यायचे. कोण पुन्हा रस्त्यावर उभी राहत होती, कोण कचऱ्यात भंगार वेचत होती. नर्सिंगला गेलेली मुलगी घरी परतली होती.

मग एक दिवस दोन्ही कुलपं एकदम उघडली. पुण्याहून पाहुणे येणार होते, आघाडी बघायला. काल एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं खांद्याला खांदा लावून दारात उभे होते. आतला वास आला तसे दोघंही मागं सरले.

"वरचं वरचं काढून टाका," हंबीरराव नाक दाबून म्हणाले. "खालचं कांडा. खोबरं जास्त घाला, थोडा रंग टाका. काय कळत न्हाय."

"खानार कोन ही?" झुंबरबाईनं विचारलं.

"वस्तीतल्या पन्नास घरांस्नी स्टेजवर वाटायची हाय."

"म्हंजे आमचीच पोरं खानार."

बायका बाजूला झाल्या, एकीनंही मिरचीला हात लावला नाही. तेव्हा हंबीररावांनी आपल्या माणसाला बटण दाबायला लावलं. मला हात नाहीत मित्रांनो. मोटर फिरली की मुसळ पडतं. ती घाण मी कांडली. तेवढी स्वतःची किळस मला पुन्हा कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीसमोर मांडव पडला. मला फुलांनी मढवून स्टेजवर उभं केलं. पाहुण्यांसमोर पहिलं नाव झुंबरबाईचं पुकारलं. ती आली, पुडा घेतला, तिथंच फाडला. पदराआडून भाकरीचा तुकडा काढून त्यावर चटणी घेतली आणि हात पुढं केला.

"चेअरमनसाब, पयला घास तुमचा."

पाहुण्यांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. हंबीररावांचा हात काही वर येईना.

"घ्या की," झुंबरबाई म्हणाली. "आमच्या पोरांस्नी चालती, तुमास्नी न्हाय चालत?"

टाळ्या थांबल्या. तिनं तो घास विजयसिंहांपुढं धरला. त्यांनी एकदा त्या घासाकडं बघितलं. मग त्यांनी माईक ओढून घेतला.

"कुनी खाऊ नगा," ते म्हणाले. "सडल्याली हाय. आमी दोघांनी सडवली."

हंबीरराव स्टेजच्या मागून उतरून गेले. पुडे खड्ड्यात पुरले. शांतादेवींनी मला आपल्या गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणलं. बायकांनी माझा भाग न् भाग सुटा करून उकळत्या पाण्यानं धुतला, वाळवला, पुन्हा धुतला. चार दिवस लागले. पुडे आता दुधाच्या टेम्पोतून जात नाहीत. आजूबाजूच्या गावांतून दूध घालायला येणाऱ्या बायकाच ते परतताना आपल्या पिशव्यांतून गावागावात नेतात. पुड्यावर कुणाचा फोटो नाही. सगळ्या परतल्या नाहीत; बारापैकी आठच आल्या. नर्सिंगला गेलेली ती मुलगी अजून घरीच आहे. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

मित्रांनो, गरिबी एकट्यानं हटत नाही, चौघांनी एकत्र यावंच लागतं. पण एकत्र उभारलेली वस्तू दोन कुलपांआड सडवू नका. तिच्यावर कुणाचं तरी पोट असतं. तिला हार नका घालू, तिला वापरा, धुवा, कोरडी ठेवा.

परवा सकाळी विजयसिंह शेडच्या दारात आले. सोबत कुणी नव्हतं. त्यांनी विचारलं, "मी काय करू?"

झुंबरबाईनं वरही बघितलं नाही. "देठं खुडायची हायत," ती म्हणाली. "बसा."

ते खाली बसले, बाह्या वर केल्या, आणि पहिल्याच मिरचीला जोरात शिंकले.