उजवीकडे न वळणारी सायकल

मित्रांनो, आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या हँडलमध्ये काडीचाही दोष नाही. मी एक जुनी लेडीज सायकल आहे, रंगाने निळी, थोडी गंजलेली, आणि सहा महिने माझ्यावर खोटा आळ होता.

माझा जन्म लुधियानाच्या कारखान्यातला. नाशिकला, इंदिरानगरात आले ती वेदिका आठवीत असताना. तिने मला शाळेला, क्लासला पिटाळलं. "काय हलकी चालते," असं कौतुकही मी ऐकलं. मग ती दिल्लीला नोकरीला गेली आणि मी पार्किंगमध्ये नऊ वर्षं ओली पायपुसणी वाळवत उभी राहिले.

तिथून मला बाहेर काढलं तिच्या आईने, मोहिनीताईंनी. निवृत्त झाल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या सायकल शिकल्या. शिकल्या म्हणजे डावीकडे वळायला शिकल्या. उजवीकडे वळायचं तर मागे बघावं लागतं, आणि ताईंची मान फिरली की हातही फिरत. मग तोल जाई, त्या खाली उतरत आणि म्हणत, "हिचं हँडलच उजवीकडे जात नाही." फाटकाच्या उजवीकडे दोन मिनिटांवर किराणा दुकान. आम्ही आख्खी कॉलनी डावीकडून फिरून तिथे पोचायचो. मी मोजलंय: डावी वळणं हजारावर, उजवं एकही नाही.

पुंजाराम मिस्त्रीने मला उलटसुलट तपासलं. "ताई, हँडल बरोबर हाय. वळवणाऱ्याचं बघा."

ताईंनी मिस्त्री बदलला.

अशात वेदिकाचा फोन आला. "आई, रविवारी सायकलवर दिल्ली बघू. इथे भाड्याने मिळते."

"भाड्याची नको. हिच्यावरच माझे पाय टेकतात."

ताईंचे यजमान सुनीलराव पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ने. पण तिथेही वळली नाही, तर तिथेच कुणाला तरी देऊन ये."

नाशिकरोडला मला रेल्वेच्या पार्सलच्या डब्यात चढवलं. मला दिल्ली बघायची होती आणि परतही यायचं होतं.

रविवारी सकाळी सहाला आम्ही निघालो. काय ते रुंद रस्ते! दोन्हीकडे कडुनिंब, आणि थोड्या थोड्या अंतरावर मोठमोठी गोल चक्करं, म्हणजे मधोमध गोल फुलबाग असलेले चौक. वेदिका पुढे, आम्ही मागे. तिचं ठरलेलं, चक्कराला वळसा घालून इंडिया गेटकडे जायचं. ताई मात्र प्रत्येक चक्कराला पहिल्याच डाव्या रस्त्याला लागत. वेदिका मागे धावून येई. दर चार चक्करांनी आम्ही जिथून निघालो त्याच चहावाल्यापुढे आलो. तीनदा.

चहावाला म्हणाला, "माताजी, अब तो चाय पी ही लो."

वेदिका वैतागली. "आई, तुला इंडिया गेट बघायचंय की याची किटली?"

"हँडलच वळत नाही गं. इथेच देऊन टाकू का कुणाला?" ताईंनी चहावाल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझी चेन गार पडली.

वळायची वेळ आली की आई मागे बघते, हे एव्हाना वेदिकाच्या ध्यानात आलं होतं. मग तिने आपली सायकल आमच्या मागे, जरा उजव्या अंगाला लावली. "आई, मागचं मी बघते. तू मागे बघायचंच नाही. समोर फुलं दिसतायत चक्करातली? तीच उजव्या हाताला ठेव."

आम्ही निघालो. पहिला डावा रस्ता आला, ताईंचा हात सवयीने ओढ घेऊ लागला. "फुलं, आई!" मागून आवाज आला. आणि मित्रांनो, मी वळले. उजवीकडे. लोण्यासारखी! दुसरा रस्ता गेला, तिसरा गेला, आमचा इंडिया गेटचा रस्ताही गेला.

"आई, बाहेर पड!"

"थांब गं, अजून एक."

असे सहा फेरे झाले. सहाव्याला ताई घंटी वाजवत बाहेर पडल्या. समोर इंडिया गेट उन्हात न्हालं होतं. फोटो माझाच आधी निघाला. मग ताईंनी नाशिकला फोन लावला. "अहो, सायकलीत दोष नव्हता."

"मग कुणात होता?" सुनीलरावांनी विचारलं.

ताईंनी फोन ठेवला.

आता मी घरात, बाल्कनीत असते. परवापासून सुनीलराव शिकतायत, आणि माझे ब्रेक लागत नाहीत अशी पहिली तक्रार आली आहे. मित्रांनो, आपापल्या सायकलीला तेल द्या, हवा भरा, उन्हापावसात उभी करू नका. आणि दोष काढण्याआधी तिला एकदा निर्धास्तपणे चालवून बघा.