परत द्यायची तारीख

बासष्ट वर्षांचा, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून टीव्हीसमोर मांडी घालून राक्षस मारत बसतो, हे चारचौघांत सांगण्यासारखं थोडंच असतं? पुंजाकाकांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा गेम खेळायचा कन्सोल इथंच टाकून गेला. पुढं त्याला बाळ झालं, आणि बाळ सांभाळायला काकांची बायको नवसाबाईही तिकडे गेली. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. द्वारका चौकाजवळच्या दोन खोल्यांत काका, कुकर आणि कन्सोल एवढेच उरले. कुकरशी काय बोलणार? काकांनी एक दिवस कन्सोलचं बटण दाबलं.

जुना गेम घ्यायला ते दुकानात गेले तिथं सुयश भेटला. बँकेत नोकरीला, तिशीचा, तोंडानं गोड. म्हणाला, "विकत कशाला घेता काका? आमच्यात या." आमच्यात म्हणजे तो, त्याचा मित्र अमोल आणि देवळाली कॅम्पातून स्कूटीवर येणारी साक्षी. प्रत्येकानं अधूनमधून एक गेम घ्यायचा आणि त्याची डिस्क सगळ्यांत फिरवायची. अदलाबदल रविवारी सकाळी दहाला, काकांकडे. घर मोकळं, चहा फुकट आणि ओरडायला कुणी नाही.

काकांनी त्यात आपली कारकुनी घुसवलीच. प्रत्येक डिस्कच्या डबीत एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर रकाने: नाव, नेल्याची तारीख, परत द्यायची तारीख, शेरा. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, लिहायला काही नसेल तर आडवी रेघ मारायची, नाहीतर मागाहून कुणीही काहीही भरतं, असा त्यांचा दंडक. पोरं हसायची, पण भरायची. शेऱ्यात चिडवाचिडवी चाले. 'पुलावरच्या राक्षसाला डावीकडून मारा. काका, डावीकडून!' त्या पुलावर काका तीन आठवडे मरत होते. चौथ्या रविवारी राक्षस पडला तेव्हा साक्षीनं गल्लीतून पेढे आणले होते. निवृत्तीच्या समारंभात काकांना एवढं बरं वाटलं नव्हतं.

मग एका उन्हाळ्यात कन्सोलच्या कंपनीचा फॉर्म सगळ्यांच्या मोबाईलवर आला. पुढच्या कन्सोलकडून तुम्हाला काय हवंय, ते कळवा. त्या रविवारी चहा तीनदा झाला. अमोलला गेम झटकन सुरू व्हायला हवा होता. साक्षी म्हणाली, मशीन पिठाच्या गिरणीसारखं घरघरायला नको, आणि दोघांनी शेजारी बसून खेळायचे गेम परत आणा. सुयशला चित्र लख्ख हवं होतं आणि किंमत कमी.

"आणि काका, तुम्हाला?"

"मला काय, सीडी घालायची खाच ठेवा म्हणावं. बाकी तुमाला काय करायचं ते करा."

"डिस्क, काका."

"तेच ते. खाच नसली तर नवं घ्यायचंच नाय आपण. कुणीच."

"कुणीच नाही!" तिघं एका सुरात म्हणाले.

काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, अक्षरं पोहत होती. सुयश म्हणाला, "द्या मोबाईल, मी भरतो." काकांनी दिला. नोकरीभर खिडकीतून लोकांवर खेकसलेला हा माणूस, 'वाचल्याशिवाय सही करता कसे?' म्हणणारा, आणि त्यानं न वाचता फॉर्म भरू दिला. माया लागली की माणूस असाच आंधळा होतो, मोतीबिंदू असो की नसो.

पुढच्या वर्षी दिवाळीत नवा कन्सोल आला. खाच नव्हती. गेम सगळे इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे, ज्याचा त्याच्या नावावर. तो कुणाला देता येत नाही, कुणाकडून घेता येत नाही.

काकांना वाटलं, पोरं आता रागानं धुमसत येतील. भाऊबिजेनंतरच्या रविवारी अमोल एकटाच आला, उभ्या उभ्या पिशवी टेकवली. "नवा घेतला मी. माझ्या सगळ्या डिस्क तुम्हालाच, काका. मजा करा." त्याच्या पुढच्या रविवारी साक्षीनं चुलतभावाच्या हाती खोका पाठवला. काकांकडे एकदम पन्नासेक गेम झाले. एकेका डिस्कसाठी पंधरा पंधरा दिवस वाट पाहणारा माणूस आता गेमांच्या ढिगात बसला होता, आणि एकही सुरू करावासा वाटत नव्हता.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे कळवल्याची पोच आली का, ते बघायला काकांनी ईमेल उघडली. खाली उतरता उतरता कंपनीची जुनी मेल सापडली. आपण दिलेल्या उत्तरांची प्रत. आता डोळे चांगले होते. काकांनी ओळ न ओळ वाचली. 'डिस्कची सोय हवी का?' पुढं उत्तर होतं, 'नको. किंमत कमी करा.' खाली नाव: पुंजाराम.

त्यांना संताप आला, आणि संतापाहून जास्त लाज वाटली.

रविवारी सुयश आला. त्याच्याही हातात पिशवी. काकांनी मोबाईल पुढं धरला. सुयशनं वाचलं, मान खाली घातली.

"सगळ्यांनी तेच भरलं होतं काका. अमोलनं, साक्षीनंही. तुमचंही घाईत तसंच भरलं गेलं."

"मग माझ्या तोंडावर 'कुणीच नाही' कशाला म्हणालात?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता लय बरं वाटतंय."

सुयश कसनुसा हसला. "एका फॉर्मनं काय फरक पडला असता, काका?"

हे वाक्य काकांच्या ओळखीचं होतं. अर्ज अडकला म्हणून खिडकीशी आलेल्या कितीतरी लोकांना त्यांनी ते ऐकवलं होतं, चष्म्यावरून बघत. त्या लोकांचे चेहरे आज त्यांना आठवले.

"चहा टाकतो," ते म्हणाले.

"नको, घरी डाउनलोड लावलाय. वायफाय सारखं तुटतं, बघावं लागतं."

"बरं. मग चिठ्ठी तेवढी भर."

पिशवीत सर्वांत वर पुलावरच्या राक्षसाचीच डबी होती. सुयशनं चिठ्ठी काढली. सवयीनं नाव लिहिलं, पुंजाकाका. तारीख टाकली. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. त्यानं काकांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि पेन खाली ठेवलं. "येतो काका. येईन मधून मधून."

जिना उतरल्याचा आवाज थांबेपर्यंत काका दारात उभे होते. मग आत येऊन त्यांनी चष्मा लावला, पट्टी शोधली, आणि परत द्यायच्या तारखेच्या रकान्यात सरळ आडवी रेघ मारली.