सौ. ठकुबाई यांजकडून सप्रेम भेट

माझ्या बायकोला, ठकुबाईला मारलं त्या दिवशी पोलीस पायी आले. चौकीची जीप बंद पडली होती. चिमाजी हवालदार चढण चढून आमच्या वस्तीवर पोचला तेव्हा तिचं अंग गार झालं होतं.

मी नसरापूरला शेळ्यांचं औषध आणायला गेलो होतो. ती शेळ्या घेऊन गुंजवण्याच्या वरच्या माळावर होती. कोणीतरी टेम्पो आणला, शेळ्या भरल्या आणि टॉमीनं तिचं डोकं फोडलं. चाक खोलायची लोखंडी टॉमी. कवटी मागून आत गेली होती. तोंड मातीत होतं. मी तिला उताणी केली तर दातांतही माती होती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. शेवटी ती काय बोलली? बाई तोंडाची फटकळ होती. गप मरणारी नव्हती. जे बोलली ते मारणाऱ्यानंच ऐकलं असणार. मला तो माणूस पाहिजे होता, आणि बोलता पाहिजे होता.

तेराव्याला आनंदराव आले. आनंदराव म्हणजे आमचे जुने सरपंच. म्हणाले, "पोलिसांना शिव्या देऊन काय व्हणार? चौकीत बसायला खुर्ची न्हाई. आपुनच देऊ की." सगळ्यांना पटलं. कामथडीकरांनी खुर्च्या दिल्या. पालीच्या हॉटेलवाल्यांनी पंखा दिला. माझी मेव्हणी सगुणाबाई, तिच्या वाडीनं नवं दार करून दिलं. पोरांनी जीप ढकलत गॅरेजला नेली. मी परसातलं जांभळाचं झाड पाडलं आणि कुंडलिक सुताराकडून बाक करून घेतला. पाठ असलेला, जड बाक.

पेंटरला सांगितलं होतं, ठकुबाईच्या स्मरणार्थ लिही. तो नेहमीचंच लिहून मोकळा झाला. बाकाच्या पाठीवर लाल अक्षरांत, "सौ. ठकुबाई गेनू ढेबे यांजकडून सप्रेम भेट." जशी काही ती स्वतः बाक घेऊन चौकीत गेली होती. आनंदराव म्हणाले, "कै. घालून घ्या, मामा." मी पेंटरकडे गेलोही. पण तो ब्रश बुडवायला लागला तसा मी म्हणालो, राहू दे.

मग एक दिवस दुपारी चिमाजीचा फोन आला. शेळ्यांचा चोर सोलापूरकडे बाजारात सापडला होता, ओळखायला बोलावलं होतं. मी चौकीत गेलो तर समोर कुमार. भोरच्या बाजाराला आमच्या शेळ्या वर्षानुवर्षं त्याच्याच टेम्पोतून जायच्या. आमच्या घरी जेवलेला माणूस.

त्याला त्याच बाकावर पालथा घातला होता. हात गमछ्यानं बांधलेले. एक शिपाई पायांवर बसला होता आणि चिमाजी तळव्यांवर काठी मारत होता. तळवे फुगून काळेनिळे झाले होते.

"बरोबर कोण व्हतं?"

"कुणी न्हाई ओ! शेळ्या एकानं रस्त्यावर आणून दिल्या. म्या नुसतं भाडं मारलं."

"नाव सांग त्याचं."

"ठावं न्हाई."

काठी पुन्हा बसली. चामडी फाटून रक्त आलं. कुमार हंबरल्यासारखा ओरडला आणि मान फिरवून बाकाच्या पाठीला तोंड घासायला लागला. ओरडता ओरडता मधेच थांबला. त्याचे डोळे अक्षरांवरनं फिरत होते. तो हळू वाचत होता, ओठ हलवत.

"हा बाक काकूनं दिलाय?"

चिमाजी म्हणाला, "मग? तुझ्या बापानं?"

कुमार रडायला लागला. मारामुळं नाही. तोंड हसल्यासारखं झालं होतं. "काकू वाचली? आईशप्पत, म्या समजलो दुसऱ्या टोल्यातच गेली. टॉमी लई जोरात लागली व्हती. देवा, काकू वाचली!"

चिमाजीची काठी वरच राहिली. मला आधी काही कळलं नाही. कळल्यावर मी त्याच्या हातातली काठी घेतली. त्यानं घेऊ दिली.

पहिली मी कुमारच्या कोपरावर मारली. हाड मोडल्याचा आवाज आला. दुसरी तोंडावर मारली. दात तुटून फरशीवर पडले. तो "काका, काका" करत होता. मी म्हणालो, "मेली ती. त्याच दिवशी मेली." तिसरी मारली तेव्हा त्यानं तोंडही फिरवलं नाही.

खिडकीत सगुणाबाई होती. माझ्या मागोमाग आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रस्त्यावर जाऊन ओरडली, "घावला रं! आक्काला मारणारा घावला!" बाजारातनं परतणारी माणसं टेम्पोतनं उतरली. बघता बघता चौकीपुढं गर्दी झाली.

चिमाजीनं आतून कडी घातली आणि तालुक्याला फोन लावला.

"हवालदार, दार उघड!" सगुणाबाई बाहेरून म्हणाली.

"बाई, कायद्यानं व्हईल सगळं. घरी जा."

"कुणाच्या दाराला कडी घालतोस? ते दार आमच्या वाडीनं दिलंय. ज्या खुर्चीवर बूड टेकतोस ती बी गावाची. पंखा गावाचा. तुझं काय हाय रं आत? टोपी? टोपी ठेव आन् माणूस दे!"

लोक हसले आणि लगेच दार हलायला लागलं. आनंदरावांचा आवाज आला, "अरं, आपलंच दार हाय, मोडू नका." कोणी ऐकलं नाही. बिजागऱ्या सुटल्या आणि दार चिमाजीच्या अंगावर आलं. त्याचं डोकं टेबलावर आपटलं. शिपाई मागच्या खोलीत पळाला.

लोकांनी कुमारला बाकावरनं ओढला. चपलांनी, बुक्क्यांनी, दगडांनी. एकानं त्याच्या पोटावर उडी मारली. एकानं खुर्ची फोडून तिचा पाय हातात घेतला. कुमारच्या तोंडातनं रक्ताचे फुगे यायला लागले. माझ्याही हातात अजून काठी होती आणि मला त्याला मारायचंच होतं. पण फुगे बघितले आणि वाटलं, हा आता बोलायचा थांबणार.

मी काठी टाकली. त्याला काखेत धरून भिंतीकडं ओढला. जांभळाचा बाक त्याच्यावर आडवा सरकवला, पाठ लोकांकडं केली आणि वर बसलो. तो खाली, मी वर. बाक हलवायचा तर आधी मला हलवायला लागणार होतं.

"दाजी, उठा!" सगुणाबाई म्हणाली.

"न्हाई."

"माझी भन व्हती ती!"

"माझी बायकू व्हती."

तिनं शेजारच्याच्या हातातला खुर्चीचा पाय हिसकून हाणला. तो माझ्या उजव्या खांद्याजवळ बसला. गळ्याखालचं हाड तुटलं आणि हात लोंबायला लागला. मी उठलो नाही. कोणीतरी मागनं माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. आनंदराव मधे पडले, त्यांचाही चष्मा फुटला. "म्हातारा मरंल रं! थांबा!" मग लोक जरा थांबले.

मी खाली वाकून विचारलं, "ती काय बोलली?"

कुमार थुंकला. "मला बघून म्हणाली, कुमार, तू व्हय? मग भांडली न्हाई. म्हणाली, न्हे बाबा, पण त्या गाभण शेळीला तरी ठेव. ती टेम्पोत टाकंल पोट." पोट टाकणं म्हणजे गाभ पडणं.

"ठेवलीस?"

"न्हाई. ती धरायला धावली, म्हणून मारली."

आता मला त्याची गरज नव्हती. बाजूला झालो असतो तर लोकांनी काम पुरं केलं असतं. तसं मनात आलंही. पण मग ते बोलणं माझ्याजवळच राहिलं असतं, आणि लोकांनी म्हटलं असतं, म्हाताऱ्याला भास झाला. मी म्हणालो, "हे साहेबापुढं बोलशील?"

तो "व्हय" म्हणाला.

तालुक्याची गाडी आली. फौजदार साहेब आत आले, पाठोपाठ हेल्मेट घातलेले पोलीस. साहेब म्हणाले, "आजोबा, आरोपीवर का बसलात?"

"साहेब, त्याला बोलायचंय. आधी ते ऐका. मग न्या."

मी सांगायला लागलो तर साहेबांनी मला थांबवलं. त्याच्या तोंडून यायला पाहिजे म्हणाले. बाक बाजूला केला. कुमारनं तुटक्या दातांनी पुन्हा सगळं सांगितलं. गाभण शेळीचंही सांगितलं.

सगुणाबाई म्हणाली, "व्हय. आक्का असंच बोलंल." आणि तिनं दोन पोलिसांच्या मधनं हात घालून कुमारच्या मोडक्या तोंडावर अजून एक चपराक मारली. तिला कोणी धरलं नाही. मी धरू शकलो असतो, माझा डावा हात चांगला होता.