प्रभावळीचा डावा कोपरा

मी फळी बोलतेय. थांबा, बोट वाकवून मला वाजवू नका. जो येतो तो आधी वाजवतो, मग वास घेतो आणि मग विचारतो, खरी आहे का. मला संशयाची सवय लागली ती तुम्हा माणसांच्याच संगतीने.

माझं खरंखोटं मीच सांगते. माझ्या आत लाकडाचा बारीक भुसा आहे, गोंद घालून दाबून घट्ट केलेला. दोन्ही अंगांना सागवानाचा पापुद्रा, पापडाहून पातळ. लेझरच्या मशीनवर नाजूक जाळी कापायला माझ्यासारखी गाठ नसलेली, सपाट फळी बरी पडते. माझं वैर फक्त पाण्याशी. ते आत शिरलं की मी फुगते आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

आणि मला आणलं कुठे, तर काशीत. राजा घाटामागच्या एका मराठी घरात, जिथे नवी वस्तू गंगाजल शिंपडल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

घरातले कर्ते ढुंढिराजशास्त्री, पुरोहित. त्यांची सून मालविका हिने शाळेतली नोकरी सोडून लेझरचं मशीन घेतलं आणि ते बैठकीत मांडलं. त्याच बैठकीत पूर्वी शास्त्रीबुवांचे विद्यार्थी संथा घेत. आता तिथे जळक्या लाकडाचा वास येऊ लागला, तेव्हा शास्त्रीबुवांनी अट घातली.

"देवामागे ठेवण्यासारखं काही करून दाखव. दिवाळीपर्यंत टिकलं तर मशीन राहू दे. नाही तर विकून टाक आणि माझी बैठक खाली कर."

मालविकेने माझी प्रभावळ कापली, देवांच्या मागे उभी राहणारी कमळांच्या जाळीची कमान. लेझरने माझ्या कडा जळून काळ्या झाल्या, त्यामुळे आतला भुसा दिसेना. शास्त्रीबुवांनी मला वाजवलं.

"पक्कं सागवान ना?"

"हो बाबा, सागवानच," मालविका म्हणाली आणि लगेच झाडू घेऊन वळली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. ही माझ्या वरच्या पापुद्र्याबद्दल बोलली आणि माझ्या पोटाबद्दल गप्प राहिली. उद्या काही झालं तर ती माझ्याकडेच बोट दाखवील.

रोज सकाळी शास्त्रीबुवा घाटावरून न्हाऊन येत, हातात गंगेचा तांब्या. तुळशीच्या पानाने देवांवर पाणी शिंपडत. बाकीच्या देवांवर थेंब दोन थेंब, पण माझ्या डाव्या कोपऱ्यापाशी मात्र धार. मी ओळखलं, म्हातारा परीक्षा बघतोय. सुनेला तोंडावर विचारायची हिंमत नाही, म्हणून मला भिजवून तिचं खोटं बाहेर काढणार. मला त्यांचा मनस्वी राग आला. पाऊल वाजलं की अंगावर काटा यायचा.

व्हायचं तेच झालं. नवरात्र सरलं आणि माझा डावा कोपरा भिजल्या पावासारखा फुगला. सागाचा पापुद्रा सुटून वर आला. शास्त्रीबुवांनी तो बोटाने उचलून आत पाहिलं आणि सुनेला हाक मारली.

"हे आत काय आहे?"

मालविकेचा चेहरा उतरला. "भुसा, बाबा. लाकडाचाच, पण दाबलेला. त्याला पाणी चालत नाही."

"मग आधी बोलली का नाहीस? या कोपऱ्यात लीलेची अन्नपूर्णा आहे. तिने माहेराहून आणलेली. ती गेल्यापासून मीच रोज न्हाऊ घालतो. सांगितलं असतंस तर ताम्हनात घेतली असती."

मी ऐकतच राहिले. माझ्या कोपऱ्यासमोर ती बोटभर उंचीची पितळी मूर्ती उभी होती आणि रोजची धार तिच्यासाठी होती. लीलाबाई म्हणजे त्यांची वारलेली बायको. इतके दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते.

"सांगितलं असतं तर तुम्ही मशीन विकायला लावलं असतंत," मालविका हळूच म्हणाली.

शास्त्रीबुवांनी सुटलेला पापुद्रा बोटाने परत दाबला. "लावलं असतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मला उचललं आणि पंच्यात गुंडाळलं. माझा धीर खचला. काशीत देवाची जुनी वस्तू कचऱ्यात टाकत नाहीत, गंगेत सोडतात. शास्त्रीबुवा दाराशी आले. डावीकडे घाटाच्या पायऱ्या, उजवीकडे बैठक. ते जरा थांबले आणि उजवीकडे वळले.

मशीनच्या वरच्या खिळ्याला त्यांनी मला टांगलं. "ग्राहक आला की आधी हा कोपरा दाखव," ते सुनेला म्हणाले. "मग त्याला घ्यायचं तर घेईल. आणि त्या खिडकीला पंखा लाव, वास फार येतो."

मशीन राहिलं. मीही राहिले, फुगलेल्या कोपऱ्यासकट. परवा एकाने मला वाजवून विचारलं, "असली लकड़ी है न?" मालविका तोंड उघडेपर्यंत ओसरीवरून शास्त्रीबुवांचा आवाज आला, "ऊपर सागौन, अंदर बुरादा. पानी से बचाइए." तो तरीही एक प्रभावळ करायला सांगून गेला.

तुम्हाला एवढंच सांगते, आमच्यासारख्यांना वाजवू नका, विचारा. आणि विकणाऱ्यांनो, विचारायच्या आत सांगा.

शास्त्रीबुवा अजून सकाळी गंगेचा तांब्या घेऊन या बैठकीतूनच आत जातात. माझ्याजवळ आले की तांब्याच्या तोंडावर तळहात ठेवतात. मी मात्र रोज नीट बघून घेते, हात ठेवलाय ना.