लाल फळ्या
टिलबी गावात कुणी वारलं की त्या घराच्या स्वयंपाकघराचा पडदा दिवसाढवळ्या ओढायचा, एवढंच काय ते कळवणं. निरोप नाही, फोन नाही. पडदा दिसला की शेजारी फावडी घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत जायचे आणि कबर खोदायचे. कुणी बोलवायचं नसतं, कुणी नाही म्हणायचं नसतं, आणि ज्याचं माणूस गेलं त्याने फावड्याला हात लावायचा नसतो. घरच्यांनी फक्त खोदणाऱ्यांच्या पोटाचं बघायचं.

हाल्वर टोर्विकने सकाळी पडदा ओढला आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की तो बघायला गावात एकच माणूस उरलाय. आणि तो माणूस, समोरचा ओस्ताप, गेली कित्येक वर्षं त्याच्याशी एक शब्द बोललेला नव्हता.

बोरगिल, त्याची बायको, आदल्या रात्री गेली होती. पन्नास वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. शेवटी मागितलं ते एवढंच, की मला टिलबीतच ठेवा आणि माणसांच्या हातांनी खोदलेल्या मातीत ठेवा, यंत्राने उकरलेल्या खड्ड्यात नको. हाल्वर लगेच हो म्हणाला होता. मरणाऱ्याला हो म्हणायला काय जातं, ते नंतर कळतं.

कॅलगरीहून मुलगी आली, कारेन. तिने खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे गवत, गवतात ओस पडलेली बँकेची विटांची भिंत आणि पुढे ओस्तापचं घर. बाकी सगळं सपाट.

"बाबा, त्या ओस्तापकाकांना सांगून तरी बघा."

"सांगायचं नसतं."

"अहो, सांगायचं नसतं म्हणजे काय? ऐंशीचे आहेत ते. जमीन गोठलीय. उद्या दुपारपर्यंत वाट बघू, नाहीतर मी यंत्रवाल्याला बोलावते. आईला असं किती दिवस ठेवणार?"

खरं सांगायचं तर हाल्वरच्या या न सांगण्यात रीत निम्मी होती आणि निम्मा ताठा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि या दोन म्हाताऱ्यांचा सुंभ म्हणजे सगळं गाव होतं.

भांडण झालं ते रुळांकाठच्या धान्याच्या कोठारावरून. लाकडी, उंच, लाल रंगाचं, त्यावर पांढऱ्या अक्षरांत गावाचं नाव. बर्फाच्या वादळातही ते दिसलं की माणूस म्हणायचा, आलो घरी. आगगाडी बंद झाली, शाळा बंद झाली, दुकान गेलं, तरी कोठार उभं होतं तोवर टिलबी नावाचं काहीतरी होतं. मग छप्पर वाकायला लागलं. कुणाच्या तरी डोक्यावर पडेल म्हणून ते पाडायचं का, यावर सभागृहात बैठक झाली. मतं समसमान पडली आणि अध्यक्ष हाल्वर होता. त्याने पाडण्याच्या बाजूने हात वर केला. दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं तेव्हा ओस्ताप त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याला दोघांनी धरून बाजूला केलं. त्या दिवसापासून तो हाल्वरशी बोलेनासा झाला. पुढे ओस्तापची बायको वारली तेव्हा हाल्वरही खोदायला गेला होता. ओस्तापने रीतीप्रमाणे त्याच्यापुढे ताट धरलं, पण नजर वर उचलली नाही.

कोठार गेलं आणि पाठोपाठ माणसं गेली. हाल्वरला कधी कधी वाटायचं की आपल्या एका हाताने आपण गाव पाडलं. हे तो बोरगिललाही बोलला नव्हता. तिला कळलं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना टेकडीवर धूर दिसला. कारेनला वाटलं गवत पेटलं. हाल्वरला मात्र लगेच कळलं. गोठलेली जमीन मऊ करायची तर जागेवर विस्तव करावा लागतो, आणि तो बराच आधीपासून लावावा लागतो. म्हणजे ओस्ताप अंधारातच चढून गेला होता.

मग हाल्वरची धांदल उडाली. जेवण नेणं आता त्याच्याकडे होतं, आणि उभ्या जन्मात त्याने अंडंही उकडलं नव्हतं. कारेन पुढे आली, पण त्याने तिला बाजूला केलं. जाड जाड पाव कापला, त्यात गार मांस भरलं, कॉफी केली आणि सगळं घेऊन तो एकटाच टेकडी चढला.

ओस्ताप कमरेइतका खाली उतरला होता. टोपी काढून ठेवलेली, डोक्यातून वाफ निघत होती. थोडं खणायचा, फावड्यावर रेलून दम खायचा, परत खणायचा. काठाशी राख आणि अर्धवट जळलेली लाकडं ओढून ठेवली होती. हाल्वरने एक फळी पायाने उलटी केली. खालच्या बाजूला लाल रंग होता, आणि त्यावर एका पांढऱ्या अक्षराचा तुकडा.

कोठार पाडलं तेव्हा फळ्या रात्रीतून कुठे नाहीशा झाल्या, हे गावाला कधी कळलं नव्हतं. इतकी वर्षं ओस्तापने त्या जपल्या होत्या, आणि जाळल्या त्या बोरगिलसाठी.

ओस्ताप वर आला, काठावर बसला. हाल्वरने त्याच्यापुढे पाव धरला, कॉफी ओतली. ओस्तापने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"बोरगिल गेली ते खरंच म्हणायचं," तो म्हणाला. "ही कॉफी प्यालो तेव्हा पटलं."

इतक्या वर्षांनंतरचे हे पहिले शब्द. हाल्वरला हसू आलं.

"फळ्या कशाला जाळल्यास?"

"ओली लाकडं पेटत नाहीत." ओस्ताप पाव चावत राहिला. मग म्हणाला, "छप्पर पडायलाच आलं होतं, लेका. मला दिसत होतं. पण कुणावर तरी चिडायला हवं होतं ना."

हाल्वरने खाली पाहिलं. खड्ड्याच्या भिंती तासल्यासारख्या सरळ होत्या. पलीकडे सगळ्यांचे दगड होते. दुकानवाला, मास्तरीण, ओस्तापची बायको पाराश्का. गावात दोन माणसं आणि इथे सगळं गाव.

"तुझं मी खोदीन," हाल्वर म्हणाला. "काळजी करू नको."

"आणि मग तुझं कोण?"

वारा राख उडवत होता. ओस्तापने उरलेली कॉफी एका दमात संपवली, बाही ओठांवरून फिरवली आणि फावड्याचा आधार घेऊन उठला.

"तू माझ्याआधी जा, हाल्वर," तो म्हणाला. "तुझ्यापुरत्या फळ्या आहेत अजून. माझं काय, मला यंत्र चालेल."

आणि तो परत खाली उतरला. हाल्वर रिकामा कप हातात धरून काठावर बसला, आणि बोरगिल गेल्यापासून पहिल्यांदाच रडला.