पावलावरची मांडी

आमच्या ह्यांच्या उजव्या पावलावर मांडी आहे. थट्टा नाही. दोन वर्षांपूर्वी इथं चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात क्रेनवरून लोखंडी प्लेट सुटली आणि पावलावरची कातडी, मांस, सगळं गेलं. डॉक्टर रंजनींनी मांडीचा जाडजूड तुकडा रक्तवाहिन्यांसकट काढून तिथं जोडला. त्याला फ्लॅप म्हणतात. पाय वाचला, देवाची कृपा.

पण मांडी ती मांडीच. माणूस सुटला की तीही सुटते. "वजन वाढलं की पाऊल फुगणार," असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि कारखान्याचा नियम असा, की पुढं लोखंड असलेला जड बूट पायात गेला तरच जुन्या कामावर परत, नाहीतर कायमचं स्टोअरमधलं टेबल. तपासणी सोमवारी होती.

सहा महिने मी ह्या माणसाच्या हात धुऊन मागे लागले होते. तेल बंद, भात बंद. साताऱ्याहून आलेले कंदी पेढे शेजारच्या विद्यालक्ष्मीला देऊन टाकले. रोज सकाळी टेपनं पाऊल मोजायचं, तर ते उलट अर्धा सेंटीमीटर वर! माझं डोकं फिरायची वेळ आली. वीस वर्षं कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर रुबाबात काढलेला माणूस आता खिळे मोजत बसणार, हे मला बघवत नव्हतं.

शनिवारी हे डबा विसरले म्हणून मी स्टेशनकडे धावले. बाहेरच्या टपरीवर आमचे हेरंबराव उभे. पुढ्यात चार मेदुवडे आणि तूप ओघळणारा पोंगल, म्हणजे इकडची मूगडाळीची खिचडी.

"अहो! लाज वाटते का काही? परवा तपासणी आहे!" मी भर रस्त्यात ओरडले.

त्यांनी हातातला वडा खाली ठेवला.

"बूट बसला तर परत त्या क्रेनखाली उभं राहावं लागेल, यामिनी. नुसता तिचा आवाज आला तरी मला दरदरून घाम फुटतो."

"मग तसं सांगायचं ना साहेबांना!"

"बूट बसत नाही म्हटलं की कुणी भित्रा म्हणत नाही."

"आणि मला? मला का नाही सांगितलंत?"

"तू रोज इतक्या उमेदीनं टेप घेऊन यायचीस."

मला संताप आला, पण त्यांचा नाही. सहा महिने रोज सकाळी मीच ह्यांना त्या क्रेनखाली ढकलत होते.

"उकडलेला कोबी मीही खाल्लाय सहा महिने," मी म्हटलं आणि टपरीवाल्याकडे अजून एक प्लेट मागितली.